‘ताजी’ मासळी किती दिवसांची?

बेंगळुरूच्या चामराजपेटेतल्या मासे खाणाऱ्या घरांत, ती मराठी असोत की मंगळुरी, एक समज पक्का आहे: बर्फातली मासळी ताजी आणि गोठवलेली शिळी. समुद्रापासून रस्त्याने सुमारे साडेतीनशे किलोमीटर आत वसलेल्या या शहराला हा समज महागात पडतो. मलपे-मंगळुरूच्या बंदरांतले मोठे ट्रॉलर आठ-आठ दिवस समुद्रात असतात. पहिल्या दिवशी जाळ्यात आलेली मासळी बंदरात उतरते तेव्हाच आठवड्याची झालेली असते. त्यापुढे लिलाव, शिराडी घाटातून रात्रीचा ट्रक आणि पहाटेचा बाजार. बर्फाने कुजणे मंदावते, थांबत नाही. वाटेत बर्फ कमी पडला तर बांगड्यात हिस्टामिन हे अपायकारक द्रव्य तयार होते आणि ते शिजवूनही जात नाही. धरल्याबरोबर झटपट गोठवून उणे १८ अंशांवर ठेवलेली सुरमई महिन्याभरानंतरही या ‘ताज्या’ मासळीपेक्षा सरस निघू शकते.

पर्यावरणाचा हिशेब मात्र इतका सरळ नाही. आपल्याकडच्या उन्हात किलोभर मासळीला जवळपास किलोभर बर्फ लागतो, म्हणजे ट्रकमधला निम्मा भार वाटेत वितळणाऱ्या पाण्याचा. उलट शीतगृहाला महिनोन्‌महिने वीज लागते. छोट्या होडीने पहाटे आणलेला बांगडा दुसऱ्या दिवशी इथे पोहोचत असेल, तर तो गोठवणे हा निव्वळ विजेचा अपव्यय. विमानाने येणाऱ्या नॉर्वेच्या ‘फ्रेश’ सामनची गोष्ट वेगळी: तोच गोठवला तर जहाजाने येतो आणि दर टन-किलोमीटरमागे विमानाचे उत्सर्जन जहाजाच्या सुमारे ५० पट असते. आपल्या किनाऱ्यावरच्या मासळीचा खरा खर्च मात्र वाहतुकीआधीच झालेला असतो, ट्रॉलरने जाळलेल्या डिझेलचा. मासळी कुजून फेकली की ते डिझेलही वाया गेले. हंगामात तारली उदंड येते, तेव्हा तिचा मोठा वाटा फिशमीलच्या (खाद्यासाठीच्या मासळी-पुडीच्या) कारखान्यांत जातो; बंदरावरच गोठवण्याची सोय वाढली तर त्यातली बरीच माणसांच्या ताटात येईल.

गोठवलेली मासळी भुसभुशीत लागते, ही तक्रार खोटी नाही. सावकाश गोठवले की बर्फाचे मोठे स्फटिक मांस फाडतात, आणि एकदा वितळलेले पुन्हा गोठवले तर चव गेलीच. तारली-बांगड्यासारखी तेलकट मासळी तर फ्रीजरमध्येही फार दिवसांनी खवट होते. पण हे दोष हयगयीचे आहेत. भारताच्या मत्स्यनिर्यातीत सर्वाधिक कमाई गोठवलेल्या कोळंबीची, आणि अमेरिकेतला ग्राहक ती शिळी म्हणून नाकारत नाही. व्यापारी न विकलेला माल गोठवून खपवतील, हा संशय रास्त आहे. मात्र बर्फानेही प्रामाणिकपणाची हमी मिळत नाही: २०१८च्या जुलैत फॉर्मलिन या घातक रसायनाच्या संशयावरून गोवा सरकारने परराज्यांतून येणारी मासळी थांबवली, ती बर्फातूनच येत होती. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ‘आजचीच आहे’ म्हणून विकली जाणारी मासळी कुठल्या किनाऱ्यावरून आली, हे गिऱ्हाईक क्वचितच विचारते. म्हणून सरकारने पाकिटावर आणि मासळीवाल्याच्या पाटीवरही धरल्याची तारीख व बंदराचे नाव लिहिणे सक्तीचे करावे. गोठवलेल्या मालावर गोठवल्याची तारीख वेगळी असावी. आधी मोठ्या व्यापाऱ्यांना हा नियम लावावा. टोपली घेऊन बसणाऱ्या बाईला लिलावाच्या पावतीवरच ही माहिती मिळाली, तर तिच्यावर वेगळा बोजा पडणार नाही.