वाचायला सोबती हवेत!

बालमित्रांनो,

पुस्तक वाचायला किती जण लागतात? ‘एकच!’ असं तुम्ही म्हणाल. पण आज मी सांगणार आहे ते सहा-सात जणांनी मिळून वाचण्याविषयी.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या कित्येक घरांत दिवाळी झाली की बिऱ्हाड बांधायची घाई सुरू होते. आई-बाबा ऊसतोडीला नाहीतर वीटभट्टीवर निघतात आणि मुलंही त्यांच्याबरोबर जातात. ती परत येतात तेव्हा वर्ग बराच पुढे गेलेला असतो. अक्षरं ओळखीची वाटतात, पण वाचताना अडखळायला होतं. कुणी फिदीफिदी हसलं, की तो मुलगा मागच्या रांगेत जाऊन बसतो. मग हळूहळू शाळेत येणंच बंद! हुशारी कमी म्हणून नव्हे बरं का, लाज वाटते म्हणून.

या लाजेवर एक साधा उपाय आहे, वाचनमंडळ. शनिवारी शाळा सुटली की झाडाखाली गोल करून बसायचं. एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. ज्याला वाचता येत नाही त्यानं चित्र बघून पुढे काय होईल ते सांगायचं. गोष्ट दोन-तीनदा ऐकली की तोंडपाठ होते. मग तिच्याच ओळींवर बोट ठेवून वाचायची भीती वाटत नाही.

‘नुसतं ऐकणं म्हणजे का वाचन?’ असं कुणी विचारेल. क्युबा देशात १८६५ पासून चिरुटांच्या कारखान्यांत कामगारांना पुस्तकं, वर्तमानपत्रं मोठ्यानं वाचून दाखवली जाऊ लागली. वाचणाऱ्याचा पगार कामगार स्वतःच्या मजुरीतून देत. त्यांच्यातल्या कित्येकांना वाचता येत नव्हतं, पण पुस्तकातलं जग त्यांचंही झालं.

आमच्या मंडळात एकदा घर बांधायची गोष्ट चालली होती. भट्टीवरून परतलेली एक मुलगी इतके दिवस गप्पच असायची. ती एकदम म्हणाली, “बाई, कच्ची वीट आधी उन्हात वाळवा लागते, मग भट्टीत रचतात!” सगळे आ वासून ऐकू लागले. पुढच्या शनिवारी तिनं स्वतःहून पुस्तक मागून घेतलं.

वाचनानं आधी कान उघडतात, मग तोंड! आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांना वडिलांनी घरीच शिकवलं. पुढे १८८२ साली त्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक लिहून बायकांवरच्या अन्यायाचा जाब विचारला. पुण्याच्या मुक्ता साळवेला घरात असं शिकायला मिळणं कठीण होतं. ती मांग समाजातली, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये तिचा निबंध छापून आला. आपल्या लोकांचं दुःख तिनं त्यात धीटपणे मांडलं. तेव्हा ती तुमच्याहून फार मोठी नव्हती!

ज्यांच्या घरी पुस्तक नाही, त्यांच्यासाठी सोबत्यांनीच ते घर व्हायचं असतं. वाचनमंडळानं ऊसतोड थांबणार नाही, हे खरं. पण शाळेची वाट तरी मोडणार नाही.

तर मग एवढं करा. पुस्तक सगळ्यांनी मिळून निवडा. अडखळणाऱ्याला हसायचं नाही, हा पहिला नियम. आणि जो मित्र गाव सोडून जाणार असेल, त्याच्या सामानात एक पुस्तक आठवणीनं ठेवा. परत आल्यावर ती गोष्ट त्यानंच मंडळाला सांगायची. म्हणजे तो कुठंही असला, तरी मंडळात त्याची जागा राखलेली आहे हे त्याला ठाऊक असेल.

पालकहो, तुम्हीही एखाद्या शनिवारी येऊन बसा. वाचता येत नसेल तर गोष्ट सांगा. मुलांना तीही हवीच असते.

काय मग, येत्या शनिवारी कोणतं पुस्तक उघडताय? मला पत्रानं नक्की कळवा हं!

तुमची,
बाई