क्लिपर भाषा आणि आमच्या खतावण्या

जुन्या वस्तूंविषयी हळहळ व्यक्त करणे हा आमच्या वयाच्या माणसांचा आवडता उद्योग असतो. प्रस्तुत लेखाचा हेतू तो नाही. ज्या क्लिपर भाषेत आमच्यापैकी कित्येक पेढ्यांच्या खतावण्या, शेतकऱ्यांच्या पट्ट्या व बारदानाचे हिशेब प्रथम संगणकावर चढले, ती भाषा आज मरणपंथास लागली आहे. ती वाचवावी काय, आणि वाचवावयाची तर कोणत्या उपायाने, एवढाच प्रश्न आम्ही सभासद बंधूंपुढे ठेवीत आहोत.

या कुळाचा मूळ पुरुष डीबेस होय. अमेरिकेतील वेन रॅटलिफ या गृहस्थांनी फुटबॉलच्या पैजेत आकडेमोड सोपी व्हावी म्हणून तो लिहावयास घेतला, आणि १९८० च्या सुमारास अ‍ॅश्टन-टेट कंपनीने तो बाजारात आणला. पैजेच्या पोटी जन्मलेले अपत्य पुढे सचोटीच्या हिशेबास लागावे, ही कर्मगतीच म्हणावयाची! १९८५ मध्ये नॅनटकेट कंपनीचा क्लिपर आला. त्यात तयार झालेला प्रोग्रॅम चालविण्यास दुकानदाराला डीबेस विकत घ्यावा लागत नसे. प्रोग्रॅमर फ्लॉपी घेऊन येई, दुपारभर गादीवर बसे आणि संध्याकाळी पट्टी छापून देई. क्लिपर पेठेत रुजला तो या सोयीमुळे; भाषा म्हणून त्याचे गुणगान कोणी आमच्याजवळ केले नव्हते. त्याचा भाऊबंद फॉक्सप्रो १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या घरी गेला. पुढची आवृत्ती काढणार नाही असे त्या कंपनीने २००७ मध्ये जाहीर केले, व २०१५ मध्ये उरलासुरला आधारही काढून घेतला.

आमच्या पेढीवर काय गुदरले ते सांगतो. जुना संगणक बंद पडला, नवा आणला, आणि प्रोग्रॅम सुरूच होईना. ६४ बिटांच्या विंडोजवर १६ बिटांचा डॉस प्रोग्रॅम चालत नाही, हे ज्ञान आम्हांस ऐन हंगामात, दारात हरभऱ्याच्या गाड्या उभ्या असताना झाले. ज्यांनी तो लिहिला ते गृहस्थ केव्हाच दुसऱ्या धंद्यात शिरले होते. मूळ लिखाण आम्ही त्यांच्याकडून कधी मागून घेतले नव्हते, हा दोष सर्वस्वी आमचा. डीबीएफ फायली तेवढ्या शाबूत होत्या. त्या आजही लिब्रेऑफिसमध्ये उघडतात. नोंदी वाचल्या, पण त्यांच्यावर काम करणारा हात गेला.

क्लिपरशी जुळणारा हार्बर नावाचा मुक्त कंपायलर विनामूल्य मिळतो व तो विंडोज आणि लिनक्स दोहोंवर चालतो, हे पुष्कळांस ठाऊक नाही. जुने मूळ लिखाण हाती असेल तर बऱ्याच अंशी ते त्यात पुन्हा उभे करता येते. मग भाषा मागे का पडली? तिचे जाणकार एकमेकांसाठी साधने घडवीत बसतात. गादीवरील मुनीमासाठी कोणी काही करीत नाही, असे आमचे मत आहे. रूबी भाषा १९९५ मध्ये जपानात निघाली. तिची जगभर खरी चलती झाली ती २००४ नंतर, बेसकॅम्प हा कामाच्या नोंदी ठेवणारा प्रोग्रॅम तीत तयार झाला व त्यातून रेल्स ही चौकट निघाली तेव्हा. पास्कल म्हातारी झाली असे म्हणतात. पण पीझिप वापरून फायली आवळणाऱ्यास तो पास्कलमध्ये लिहिला आहे याची वार्ताही नसते. त्यास काम झाल्याशी मतलब.

आपल्याच घरचे उदाहरण पाहा. धवलेची ताडपत्रे मूडबिद्रीस शतकानुशतके भक्तिभावाने जतन झाली, दर्शनास लोक जात. परंतु १९३९ मध्ये अमरावतीहून तिचा पहिला छापील खंड हिंदी अनुवादासह निघाला, तेव्हा ती अभ्यासकांच्या हाती आली.

तरुण मंडळी म्हणतील, पायथन शिकलेला मुलगा हाकेसरशी मिळतो, हा खटाटोप कशास? आक्षेप खोटा नाही. नव्या पेढीने नवीच भाषा घ्यावी. मोबाइलवरील कामही आम्ही नव्या भाषांस आनंदाने देऊ. परंतु ज्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी डीबीएफमध्ये आहेत आणि ज्यांचे मूळ लिखाण सुदैवाने जवळ आहे, त्यांनी ते टाकून दरसालच्या वर्गणीचा प्रोग्रॅम का घ्यावा? शिवाय बाजारातील तयार प्रोग्रॅमांना तोलाई, हमाली, अडत व परत येणारे बारदान यांचा मेळ आमच्या रीतीने घालता येतोच असे नाही.

यास्तव संघाने भाषेवर व्याख्याने ठेवू नयेत. हार-तुऱ्यांत तेवढे पैसे जातील. एकच प्रोग्रॅम करवून घ्यावा, धान्याच्या घाऊक पेढीचा, मराठीत पट्टी छापणारा. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या वेष्टित व लेबल लावलेल्या धान्यावर ५ टक्के कर आला आणि त्याहून मोठे पोते त्यातून सुटले. हा भेद त्याने आपण होऊन ओळखला पाहिजे, कारण आमचे दिवाणजी आजही तिथेच अडखळतात. मूळ लिखाण संघाच्या कपाटात राहावे व सभासदास मागताक्षणी मिळावे. पाच पेढ्यांनी जरी तो वापरला तरी दुरुस्तीसाठी एका होतकरू मुलास वर्षभर काम पुरेल, आणि ते काम करताना तो ही भाषा शिकेल.

पहिल्या चाचणीसाठी आमची पेढी व जुन्या फायली आम्ही देण्यास सिद्ध आहोत. हरभऱ्याचा हंगाम मात्र टाळावा.