पाणी तपासले, मासा कोण तपासणार?

कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेक या तळ्यावर १९४९ साली चिलटे मारायचे औषध सोडण्यात आले. ही चिलटे चावत नव्हती. दिव्याभोवती घोंगावून सुट्टीला आलेल्यांचा आणि गळ टाकून बसणाऱ्यांचा रसभंग करणे, एवढाच त्यांचा गुन्हा. औषध होते डीडीटीचे भावंड डीडीडी, आणि प्रमाण अगदी जपून ठरवलेले: सात कोटी भाग पाण्याला एक भाग. चिलटे गेली आणि काही वर्षांत परतली, म्हणून १९५४ आणि १९५७ साली आणखी दोनदा डोस द्यावा लागला. १९५४च्या हिवाळ्यातच तळ्यावरचे मासेखाऊ ग्रीब पक्षी मरू लागले होते आणि मेलेल्यांची संख्या शंभरावर गेली. साथीच्या रोगाचा मागमूस सापडेना. अखेर कोणीतरी त्यांची चरबी तपासली, तेव्हा तिच्यात दर दहा लाख भागांमागे १,६०० भाग डीडीडी निघाले.

मग खालच्या पायऱ्या तपासल्या गेल्या. तरंगत्या सूक्ष्म जीवांत हे प्रमाण सुमारे ५ होते, शेवाळ-वनस्पती खाणाऱ्या माशांत ४० ते ३००, तर दुसरे मासे खाणाऱ्या एका माशात २,५००. तळ्याच्या पाण्यात मात्र शेवटच्या डोसनंतर थोड्याच काळात डीडीडीचा अंशही सापडेनासा झाला होता. रेचल कार्सन यांच्या १९६२च्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकामुळे ही हकीकत जगभर पोचली.

पाणी निर्मळ आणि मासा विषारी, हे एकाच वेळी खरे असू शकते. नद्यांविषयीची आपली सगळी चर्चा ही गोष्ट विसरून चालते.

महाराष्ट्रात नदी किती बिघडली हे सांगणारा जो गुणवत्ता निर्देशांक प्रसिद्ध होतो, तो चार गोष्टींवर बेतलेला आहे: विरघळलेला प्राणवायू, बीओडी (म्हणजे पाण्यातली घाण कुजताना लागणारा प्राणवायू), सामू आणि विष्ठेतले जिवाणू. सांडपाण्यासाठी ही मोजपट्टी चांगली आहे. पण डीडीटी, एकेकाळी विजेच्या उपकरणांत वापरली जाणारी पीसीबी आणि पीएफएएस ही रसायने तिच्यात दिसतच नाहीत. ती वर्षानुवर्षे कुजत नाहीत. यांतली डीडीटी-पीसीबीसारखी रसायने पाण्यात नीट विरघळत नाहीत, गाळाला चिकटतात, तिथून किडे-अळ्यांत, त्यांच्यामार्फत माशांत जातात आणि चरबीत मुक्काम ठोकतात. मासा ती सहजी बाहेर टाकू शकत नाही, त्यामुळे वयाबरोबर साठा वाढत जातो. म्हणूनच एकाच धरणातल्या लहान चिलापीपेक्षा दुसऱ्या माशांवर जगणारी मोठी मरळ अधिक संशयास्पद ठरते. ताटात मान मात्र मरळीलाच.

नुकसान निस्तरायला किती काळ लागतो, याचे उत्तर न्यूयॉर्कच्या हडसन नदीकडे आहे. जनरल इलेक्ट्रिकच्या दोन कारखान्यांतून १९४७ ते १९७७ या काळात सुमारे १३ लाख पौंडांपर्यंत, म्हणजे जवळपास ५९० टन पीसीबी या नदीत गेले. १९७६ साली वरच्या पट्ट्यात मासेमारी बंद करण्यात आली. २००९ ते २०१५ या काळात कंपनीच्या खर्चाने नदीचा तळ खरवडून लाखो घनमीटर गाळ उपसला गेला. कारखान्यांचे नळ बंद होऊन अर्धे शतक होत आले, तरी हडसनच्या माशांबाबत आरोग्य खात्याचा इशारा कायम आहे आणि बायका-मुलांसाठी तो सर्वांत कडक आहे. मात्र तिथल्या माणसाला निदान कळते तरी, की कोणत्या पट्ट्यातला कोणता मासा किती खावा. चामडी आणि पोटाखालची चरबी काढून टाका, असेही त्याला सांगितले जाते.

पीएफएएससमोर ही युक्तीही चालत नाही. न चिकटणाऱ्या तव्यांपासून आग विझवण्याच्या फेसापर्यंत वापरली जाणारी ही रसायने चरबीऐवजी प्रथिनांना धरतात, म्हणजे थेट मांसात आणि रक्तात उतरतात. अमेरिकेतल्या नद्या-तळ्यांतल्या माशांवरचा एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. दूषित पाणी महिनाभर पिऊन या गटातले पीएफओएस जितके पोटात जाईल, तितके तिथला एकच मासा खाल्ल्याने जाऊ शकते, असा त्याचा निष्कर्ष. दुकानात विकल्या जाणाऱ्या माशांत मात्र हे प्रमाण कितीतरी कमी आढळले. झळ बसते ती स्वतः मासा धरून रांधणाऱ्याला.

आपल्याकडे हा माणूस कोण, हे शोधायला लांब जायला नको. पाताळगंगेकाठी रसायनी इथे सरकारी मालकीच्या हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्सने अनेक वर्षे डीडीटी बनवले आणि त्याच रायगड जिल्ह्यातले कातकरी पिढ्यानपिढ्या नदी-ओढ्यांतले मासे धरत आले. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या सांडपाण्याचा मोठा हिस्सा भीमेतून उजनीत उतरतो आणि उजनीचा मासा भिगवणच्या बाजारात रोज विकला जातो. तो विषारी आहे असा दावा इथे नाही. मुद्दा असा, की तो निर्धोक आहे असेही कुणी छातीठोकपणे सांगू नये, कारण तसे सांगायला नियमित तपासणी आणि तिचे जाहीर आकडे हवेत.

अशा तपासणीमुळे बाजार कोसळेल, भोई समाजाच्या पोटावर पाय येईल, अशी भीती घातली जाते. भीती खरी आहे, पण ती तपासणी टाळण्याचे कारण होऊ शकत नाही. निकाल चांगला निघाला तर उजनीच्या माशाला पुण्यात अधिक भाव मिळेल. वाईट निघाला तर नुकसानभरपाई कुणाकडून वसूल करायची, हे ठरवायला हातात कागद असेल. आज विक्रेत्याच्या हाती तोही नाही.

सुरुवात साधी करता येईल. प्रत्येक मोठ्या धरणातून वर्षातून एकदा मासे घ्यावेत, एक मरळीसारखा शिकारी आणि एक चिलापीसारखा साधा. मांस, चरबी आणि गाबोळी वेगवेगळी तपासावी, कारण मादी आपल्या साठ्यातला काही भाग अंड्यांत सोडते आणि गाबोळी लोक आवडीने खातात. निकाल संकेतस्थळाच्या पोटात न पुरता भिगवणसारख्या बाजारात मराठीत फलकावर लावावेत. खर्च प्रदूषण नियंत्रण मंडळाने उचलावा आणि पुढे तो नदीकाठच्या कारखान्यांच्या परवाना शुल्कातून वसूल करावा.