स्टिकर की नाव? खेळाडूला जाहिरातीत घेण्याआधी एवढं वाचा



जाहिरातीच्या खर्चावरच्या व्हिडिओत मी एक वाक्य ओझरतं टाकलं होतं : खेळाडूचा फोटो वापरायचा असेल तर त्याला एकरकमी पैसे देऊ नका, मालात वाटा द्या. तिथे वेळ कमी होता. इथे जरा पसरून लिहितो, कारण आपल्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच येतं) या एका गोष्टीवर नवे उद्योजक बराच पैसा घालवताना दिसतात.

घालवतात कसा? दुकान किंवा युनिट सुरू झालं की पहिला फ्लेक्स. फ्लेक्सवर एखादा नावाजलेला पैलवान, नाहीतर जिल्हा संघातला बॉलर, हात जोडून. खाली "हार्दिक शुभेच्छा". त्याला दहा-पंधरा हजार दिले, दोन रील बनवले, आठ दिवस लोकांनी लाईक केलं, नवव्या दिवशी तोच पैलवान शेजारच्या तालुक्यातल्या दुसऱ्या दुकानाच्या फ्लेक्सवर. गिऱ्हाईक काय समजायचं ते समजतं.

आता तुम्हाला जरा लांब घेऊन जातो. अमेरिकेत, स्केटबोर्डच्या धंद्यात. हसू नका, आपल्या कामाची सगळ्यात चांगली उदाहरणं मला तिथेच सापडली. स्केटबोर्ड म्हणजे चाकं लावलेली लाकडी फळी. मॅपल लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवून दाबतात, बहुतेक सात थर. खाली धातूचे दोन सांगाडे, त्यांना ट्रक म्हणतात, त्यात चार चाकं. बस. यात पेटंटची मोठी भानगड नाही. लाकूड चांगलं आणि प्रेस असेल तर फळी कुणीही बनवू शकतो. म्हणजे आपल्या पापड-मसाल्यासारखाच धंदा, माल सगळ्यांचा जवळपास सारखा. मग विकणार कुणाची?

उत्तर त्या काळच्या मासिकांच्या जाहिरातींत आहे. १९८० च्या आसपास तिथला स्केटबोर्डचा धंदा बसला होता. जे मुख्य मासिक होतं तेही दुसऱ्याच खेळांकडे वळलं. तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोतल्या फॉस्टो विटेलो आणि एरिक स्वेन्सन या ट्रक बनवणाऱ्या मंडळींनी काय केलं? जाहिरात द्यायला मासिकच उरलं नाही, तर जानेवारी १९८१ मध्ये स्वतःच मासिक काढलं, 'थ्रॅशर'. दोन वर्षांनी दुसऱ्या एका ट्रकवाल्या कंपनीच्या माणसांनी 'ट्रान्सवर्ल्ड स्केटबोर्डिंग' काढलं. स्पेअर पार्ट बनवणारे लोक मासिक काढतात, कारण खेळ जगला तरच पार्ट विकले जाणार. हे एक वाक्य वहीत लिहून ठेवा, व्हिडिओपेक्षा जास्त उपयोगी आहे.

त्या मासिकांचे जुने अंक आज इंटरनेटवर बघायला मिळतात. जाहिराती बघा. पानभर फोटो, त्यात एक पोरगा हवेत किंवा पडताना, आणि खाली फळीचं नाव. फळीचं नाव म्हणजे त्या पोराचंच नाव! याला तिकडे प्रो मॉडेल म्हणतात. जॉर्ज पॉवेल नावाचा इंजिनिअर आणि स्टेसी पेराल्टा नावाचा स्केटर १९७८ मध्ये एकत्र आले. एकाला लाकूड-प्लास्टिक कळत होतं, दुसऱ्याला पोरं कळत होती. पेराल्टाने टोनी हॉक, स्टीव्ह कॅबालेरो, रॉडनी मलन अशी अगदी कोवळ्या वयाची मुलं गोळा केली. टोनी हॉक व्यावसायिक झाला तेव्हा चौदा वर्षांचा होता. प्रत्येकाच्या नावाची वेगळी फळी, वेगळं चित्र, आणि विकलेल्या फळीमागे त्या मुलाला ठरलेली रक्कम. मुलगा स्पर्धा जिंकला, फळी जास्त विकली गेली, त्याला जास्त मिळालं. कंपनीने आधी मोठी रक्कम मोजलेली नव्हती. त्यांच्या काही जाहिरातींत तर माल नीट दिसतही नाही. १९८४ मध्ये त्यांनी कमी खर्चात व्हिडिओ कॅसेट काढली आणि ती स्केटबोर्डच्या दुकानांतून फिरवली. रील आत्ता आलं, धंद्याची चाल जुनीच.

माझं म्हणणं आहे की त्या जाहिरातींची ताकद फोटोत नव्हती. मासिक वाचणाऱ्या पोराला माहीत होतं की हा गडी हीच फळी वापरतो, कारण तिच्यावर त्याचंच नाव आहे आणि खराब निघाली तर शिव्या त्यालाच बसणार. म्हणून तोही कारखान्यात जाऊन भांडायचा, इथे जरा रुंद करा, तिथे वाक द्या. फुकटचा डिझायनर मिळाला म्हणा ना.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे खेळाडू आणि जाहिरात हे नातं जुनं आहे. नागपूरला जन्मलेले सी. के. नायडू १९४१ मध्ये एका लिव्हर टॉनिकच्या जाहिरातीत आले, तिथून मोजायला सुरुवात करतात. मग फारुख इंजिनिअर आणि ब्रिलक्रीम, कपिल देव आणि पामोलिव्हचं शेव्हिंग क्रीम. संदीप पाटील यांचं 'एकच षटकार' ज्यांनी वाचलंय किंवा 'स्पोर्टस्टार'मधली पोस्टर भिंतीवर लावलीत, त्यांना ही पानं आठवतील. इथे खेळाडू माल बनवण्यात कुठेच नाही. तो दाढी करतो, हसतो, पैसे घेतो. मोठ्या कंपनीला हे परवडतं, कारण तिला फक्त नाव लक्षात राहायला हवं असतं.

बॅटवरचा स्टिकर तर त्याहून मजेदार. १९९६ च्या विश्वचषकात सचिन तेंडुलकरने सगळ्यात जास्त, ५२३ धावा केल्या आणि त्या स्पर्धेत त्याच्या बॅटवर कुणाचाही स्टिकर नव्हता. त्यानंतर एमआरएफ आली. टायरची कंपनी! आमच्या गल्लीतली पोरं साध्या बॅटवर मार्करने एमआरएफ लिहायची, आणि त्यातल्या एकानेही तेव्हा टायर विकत घेतला नसेल.

पण एमआरएफला नुसतं स्टिकरवाली म्हणून सोडून देता येत नाही, आणि इथे आपला जिल्हा येतो. या कंपनीने १९८७ मध्ये चेन्नईत वेगवान गोलंदाजांसाठी पेस फाउंडेशन सुरू केलं, डेनिस लिलीला शिकवायला आणलं. आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान तिथे तयार झाला. पुढे कसोटीत ३११ बळी, २०११ च्या विश्वचषकात २१. म्हणजे खेळाडू मोठा झाल्यावर चेहरा भाड्याने घ्यायचा, एवढ्यावर ही कंपनी थांबली नाही. तो कुणीच नसताना त्याच्यावर खर्च केला. तुमच्या-माझ्याकडे चेन्नईतलं मैदान नाही, मान्य. पण 'कुणीच नसताना' हा भाग आपल्याला परवडतो. खरं तर आपल्याला तेवढाच परवडतो. झहीरचा किंवा संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दला जन्मलेल्या अजिंक्य रहाणेचा फोटो परवानगीशिवाय फ्लेक्सवर टाकणारे महाभाग आहेत. "आपल्याच जिल्ह्याचा आहे की!" असेल. चेहरा त्याचा आहे, जिल्ह्याचा नाही. वकिलाची नोटीस आली तर फ्लेक्सच्या शंभरपट खर्च होईल.

आपल्याकडचं खरं मासिक म्हणजे हगाम्याचं पत्रक. यात्रेतल्या कुस्त्यांच्या हगाम्याला गावोगाव जे छापील पत्रक वाटतात, ते नीट बघा. मानाच्या कुस्तीचे दोन पैलवान, इनामाची रक्कम, चांदीची गदा, आणि कडेने दहा-वीस चौकटी : अमुक कृषी सेवा केंद्र, तमुक ज्वेलर्स, दूध संकलन केंद्र. चौकटीत फक्त नाव आणि मोबाईल नंबर. पैलवानाचा आणि त्या दुकानाचा काही संबंध आहे का? नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत वाडिया पार्कात महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली, पृथ्वीराज मोहोळ जिंकला. मार्चमध्ये दुसऱ्या संघटनेची स्पर्धा कर्जतला झाली, तिथे वेताळ शेळके. दोन महिन्यांत दोन महाराष्ट्र केसरी आपल्या जिल्ह्यात ठरले. गर्दी, कॅमेरे, बॅनर सगळं होतं. पण पैलवानाच्या नावाचा, पैलवानाने चाखून पास केलेला इथला एखादा माल बाजारात आला असेल तर मला दाखवा. मी स्वतः विकत घेईन आणि चॅनेलवर दाखवीन.

मग करायचं काय? समजा, राहुरीकडे तुमचं तुपाचं छोटं युनिट आहे. महिन्याला ६० किलो विकता. तालमीतला एक होतकरू पैलवान तुमचंच तूप खुराकात घेतो. त्याला १५,००० रुपये देऊन रील करण्याऐवजी किलोमागे २० रुपये द्या. वर्षाला ७२० किलो, म्हणजे १४,४०० रुपये. रक्कम जवळपास तीच, फरक एवढाच की तुमच्या खिशातून ती माल विकल्यावर गेली. विक्री १०० किलोवर गेली तर त्याला २४,००० मिळतील, आणि ते देताना तुम्हाला वाईट वाटणार नाही. सुरुवातीला तीन हजार ॲडव्हान्स द्या, पुढच्या हिशोबात वळते करा. खुराक स्वस्त नसतो, त्या पोरालाही हातात काहीतरी लागतं.

बरणीवर त्याचं नाव आणि सही छापा. आणि हिशोब? तो बरण्या मोजायला येणार नाही, म्हणून लेबलांवर क्रमांक छापून घ्या. प्रेसचं बिल त्याला दाखवा. हजार लेबलं छापली, तीनशे चाळीस शिल्लक, म्हणजे सहाशे साठ गेली. वाद संपला.

करार लेखी करा. महाराष्ट्रात आता स्टॅम्प पेपर ५०० रुपयांचा घ्यावा लागतो, घ्या. खेळाडू अठरा वर्षांखालचा असेल तर त्याच्या सहीला कायद्यात किंमत नाही, आई किंवा वडिलांना बसवा आणि तरीही वकिलाला दाखवा. मुदत एक वर्ष. याच प्रकारच्या दुसऱ्या मालाच्या जाहिरातीत तो येणार नाही, हे लिहा. पण बूट, ट्रॅकसूट, काय वाट्टेल ते त्याने करावं, त्याची कमाई अडवू नका. रॉयल्टीवरच्या टॅक्सचं सीएला विचारा.

आणि लेबलवर "ताकद दुप्पट" असलं काही लिहू नका. एफएसएसएआय आहेच, शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड आहे, तो बनवणाऱ्यालाही आणि जाहिरातीत आलेल्या माणसालाही. म्हणजे तुमच्या हौसेपायी त्या पोराचं नुकसान. रीलवर जाहिरात आहे हेही स्पष्ट लिहायचं, "मित्राच्या तुपाची चव घेतली" असं नाटक नको. प्रोटीन पावडरवाल्यांनी तर दहा वेळा विचार करा. डबा कुठून येतो, आत काय आहे, हे तुम्हालाच माहीत नसेल आणि डोपिंग टेस्टमध्ये पैलवान अडकला, तर त्याची कुस्ती जाते. तुमचं फक्त दुकान जातं.

एक शंका येणारच : खेळाडू हरला तर? जखमी झाला तर? तर विक्री कमी, वाटा कमी, तुमच्या गळ्यात मोठं पेमेंट नाही. वाटा देण्याचा फायदा इथेच दिसतो. दुसरी शंका उलट बाजूने, आणि ती मला जास्त रास्त वाटते. खेळाडूने का ऐकावं? रोख १५,००० सोडून वर्षभर वीस-वीस रुपयांची वाट कोण बघणार? टोनी हॉकचंच बघा. नव्वदीच्या सुरुवातीला स्केटबोर्डचा बाजार पुन्हा पडला, फळीमागची कमाई आटली. त्याने १९९२ मध्ये एका साथीदाराबरोबर बर्डहाऊस ही स्वतःची फळीची कंपनी काढली. १९९९ मध्ये त्याच्या नावाचा व्हिडिओ गेम येणार होता. गेम बाजारात येण्याआधी कंपनीने सगळे हक्क मिटवण्यासाठी एकरकमी पाच लाख डॉलर देऊ केले. त्याने ते नाकारून रॉयल्टी चालू ठेवली, आणि त्या गेमचे पुढे भाग निघत राहिले.

पण हॉकच्या घरी तेव्हा थोडीफार शिल्लक असेल. तालमीतल्या पोराच्या घरी नसते. म्हणून मी पुन्हा ॲडव्हान्सवर येतो, तो टाळू नका, आणि हिशोब दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत द्या, विक्री चार किलोची असली तरी. ऐंशी रुपये पाठवायला लाज वाटू देऊ नका. मेसेजमध्ये लेबलांचा आकडाही टाका.

यात्रांचा सीझन जवळ आला की प्रेसवाल्यांकडे पत्रकांची गर्दी होते. तुमची लेबलं त्याआधी छापून घ्या, आणि पत्रकातली चौकट घेणारच असाल तर या वेळी तिच्यात मोबाईल नंबरच्या वर त्या पोराचं नाव टाका.