बारामतीचा लेसर मागे का राहिला?

डिसेंबर २०२३ मध्ये ‘नासा’च्या सायकी यानाने ३ कोटी १० लाख किलोमीटरवरून लेसरच्या झोतातून एका मांजराची चित्रफीत पृथ्वीवर पाठवली. त्या कौतुकात मला आठवण झाली ती कुमार पटेल यांची. १९३८ साली बारामतीत जन्मलेल्या आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या पटेलांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६४ मध्ये कार्बन डायऑक्साइडचा लेसर घडवला. सायकीवरचा लेसर मात्र त्या जातीचा नाही.

सोडावॉटरमध्ये असतो तोच हा वायू. त्यात नायट्रोजन व हेलियम मिसळून वीज सोडली, की १०.६ मायक्रॉन तरंगलांबीचा अदृश्य, अवरक्त झोत निघतो. या पट्ट्यातील किरणांना हवा बरीचशी वाट मोकळी ठेवते. धूर आणि विरळ धुरकेही त्यांना फारसे अडवत नाहीत. शिवाय ३ सेंटिमीटरच्या रडारलहरीपेक्षा ही लहर सुमारे २,८०० पट आखूड, म्हणून झोत अरुंद आणि वेगाचे मोजमाप अत्यंत बारीक. मॅसॅच्युसेट्समधील फायरपाँड येथे लिंकन प्रयोगशाळेने याच लेसरच्या रडारने उपग्रहांचा माग काढला.

मग घोडे अडले कुठे? परतणारा क्षीण किरण टिपणारा संवेदक द्रवरूप नायट्रोजनने उणे १९६ अंशांपर्यंत गार ठेवावा लागे. उपग्रहावर हा संसार कोण वाहणार? त्यातच तेवढ्याच आरशातून निघालेला १०.६ मायक्रॉनचा झोत १.५५ मायक्रॉनच्या झोतापेक्षा जवळजवळ सातपट फाकतो. आणि १.५५ मायक्रॉनची सुटसुटीत साधने टेलिफोनच्या काचतंतूंमुळे आयतीच तयार होती. सायकीने तीच वाट धरली. माझ्या मते निकाल लावला तो या बाजारपेठेने. पटेलांच्या वायूत काही खोट नव्हती.

आता हा आखूड लहरीचा लेसर जमिनीवरही आला आहे. २०२१ मध्ये काँगो नदीपलीकडे, ब्राझाव्हिल ते किन्शासा, सुमारे ५ किलोमीटर इंटरनेट अशा झोतातून गेले. नदीत केबल टाकण्याचा खर्च वाचतो, हे खरेच. पण दाट धुके आणि मुसळधार पाऊस दोन्ही लेसरांना सारखेच आंधळे करतात. उद्या कोणी कोकणातल्या दोन डोंगरांमध्ये केबलऐवजी लेसर बसवू म्हणाले, तर ग्रामपंचायतीने किमतीआधी एवढेच विचारावे: आषाढात तो दिवसाचे किती तास चालेल, आणि बंद पडला की दवाखान्याचा फोन कशावरून लागेल?