स्फोटाची तारीख आधीच सांगितली होती

गुरुत्वाकर्षणाने प्रकाश वाकतो, हे सांगायचे म्हटले की आपण शिक्षक हमखास १९१९ च्या खग्रास ग्रहणाकडे वळतो. एडिंग्टन प्रिन्सिपे बेटावर, दुसरी तुकडी ब्राझीलमधल्या सोब्रालला. सूर्याच्या कडेला १.७५ विकलांचे विचलन, आणि आइन्स्टाइन जगप्रसिद्ध. अकरावीची मुले ऐकून घेतात आणि विचारतात, "सर, हे परीक्षेला आहे का?" त्यांचे काय चुकले? गोष्टीत विचार करायला काही उरलेलेच नसते.

माझे मत असे की ग्रहण दोन मिनिटांत उरकावे आणि तास रेफ्सडाल सुपरनोव्हाला द्यावा.

नोव्हेंबर २०१४ मध्ये हबल दुर्बिणीला एकच सुपरनोव्हा चार ठिकाणी दिसला. त्याचा प्रकाश नऊ अब्जांहून अधिक वर्षे प्रवास करून आला होता आणि वाटेत दीर्घिकांचा एक प्रचंड समूह आडवा आला होता. त्या गुरुत्वीय भिंगाने प्रकाशाच्या वाटा वाकवल्या. प्रत्येक वाटेची लांबी निराळी, शिवाय गुरुत्वाकर्षण जिथे जास्त तिथे उशीरही जास्त. त्यामुळे एकाच स्फोटाची बातमी वेगवेगळ्या वेळी पोहोचते. खरी गंमत पुढेच आहे. ज्या सर्पिल दीर्घिकेत तो तारा फुटला, तिच्या आणखी प्रतिमा त्याच समूहात दिसत होत्या. त्यांपैकी एकीत स्फोट आपल्या नकळत होऊन गेला असावा, दुसरीत व्हायचा होता.

कधी? समूहातले बरेचसे वस्तुमान कृष्णद्रव्याचे, म्हणजे न दिसणारे. ते कुठे किती आहे याचा अंदाज बांधून अनेक गटांनी आपापली उत्तरे आधीच लिहून ठेवली. ती सगळी एकसारखी नव्हती, हे मला फार आवडते. ११ डिसेंबर २०१५ च्या हबल प्रतिमेत नेमक्या त्या जागी ठिपका उमटला. पुढे सविस्तर मोजणीत उशीर सुमारे ३७६ दिवसांचा निघाला.

अशा उशिरावरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग काढता येईल, हे नॉर्वेच्या स्यूर रेफ्सडाल यांनी १९६४ मध्येच मांडले होते. ते २००९ मध्ये वारले. त्यांच्या नावाचा हा सुपरनोव्हा त्यांना दिसला नाही.

आणि परीक्षेला हवेच असेल, तर पाच गुणांना हे विचारा: पाचवी प्रतिमा आलीच नसती, तर तुम्ही आधी कशावर शंका घेतली असती, आइन्स्टाइनच्या सिद्धांतावर की कृष्णद्रव्याच्या नकाशावर? कारण द्या.