नवशिक्याला चांगला कागद आधी हवा

या महिन्याच्या टपालातली निम्म्याहून अधिक पत्रे एकाच विषयावर आहेत: शाळेला आलेला चित्रकलेचा कागद. पहिल्याच वॉशला तो फुगतो, रंग पडेल तिथेच शोषून घेतो आणि त्याच जागी दुसऱ्यांदा कुंचला फिरवला की कागदाचे बारीक गोळे सुटतात. आकाश रंगवायला बसलेल्या मुलाच्या हाती डागांनी भरलेला, वाकडातिकडा तुकडा उरतो. पुढच्या तासाला ते मूल रंगपेटी आणायचेच विसरते.

कोकणातल्या एका शिक्षकांनी मागणीपत्रात ३०० ग्रॅमचा कागद लिहिला. गेल्या वर्षीपेक्षा ताव कमी, पण जाड. प्रस्ताव मंजुरी देणाऱ्या कार्यालयाकडून शेऱ्यासह परत आला: विद्यार्थीसंख्या तीच असताना तावांची संख्या कमी का? आकार तोच असताना दर जास्त का? खुलासा करावा. त्यांनी दोन पाने खुलासा दिला. त्यानंतर तीन दरपत्रके मागवली गेली. दरपत्रकाच्या नमुन्यात रकाने होते वस्तू, आकार, नग आणि दर. कागदाच्या वजनाला रकानाच नव्हता. सर्वांत कमी दराचा पातळ कागद मंजूर झाला, नोंदवहीत नग जमा झाले आणि लेखापरीक्षणात एकही आक्षेप निघाला नाही. सरकारी दृष्टीने ही खरेदी निर्दोष आहे. वर्गाच्या दृष्टीने पैसा पाण्यात गेला. जो अधिकारी सिमेंट घेताना प्रत पाहतो, त्याला चित्रकलेच्या कागदाची प्रत का पाहावीशी वाटत नाही, याचे उत्तर त्या कार्यालयाने द्यायला हवे.

यात आपल्यातल्याही काहींचा वाटा आहे. ‘सरावच तर करायचा आहे, कसलाही कागद चालेल,’ हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत सर्रास ऐकू येते. ते साफ चुकीचे आहे. मुरलेला हात खराब कागदालाही सांभाळून घेतो. पाणी कमी करतो, एका फटक्यात वॉश उरकतो. नवशिक्याला दोष कागदाचा की आपला, हेच कळत नाही. तो दोष स्वतःकडे घेतो. सावळाराम हळदणकरांचे दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र जलरंगातले आहे, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. वॉशवर वॉश सोसणारा कागद हाती न देता त्याच मुलांकडून पारदर्शक रंगाची अपेक्षा धरणे हा अन्याय आहे.

खर्चाचा मुद्दा आता पाहू. २२ × ३० इंचांच्या एका पूर्ण तावाचे ११ × ७.५ इंचांचे ८ तुकडे होतात. सुरुवातीच्या प्रकल्पांना एवढा आकार पुरतो. उलट लहान कागदावर वॉश वाळण्याआधी कडेपर्यंत नेता येतो. ३०० ग्रॅमचा कागद पाठीमागूनही वापरता येतो, म्हणजे एका तावात १६ सराव. पाव तावाच्या आकाराचा पातळ कागद एकदा भिजला की संपला. हा हिशेब खुलाशात आकड्यांनी मांडा.

मंजुरी येईपर्यंत वर्ग थांबवता येत नाही. हाती आहे तो कागद भिजवून गमटेपने फळीवर ताणा. वाळल्यावर तो बऱ्यापैकी सपाट राहतो. पांढऱ्या मेणखडूने पावसाच्या रेघा ओढायला लावा आणि वरून इंडिगोचा एकच वॉश द्या. मेण रंग घेत नाही, रेघा उजळून निघतात आणि पहिल्याच दिवशी मुलाला यश दिसते. दुसरा प्रकल्प: खोक्याच्या पुठ्ठ्यावर खळीने वर्तमानपत्राचे कपटे चिकटवा, पुठ्ठा वाकू नये म्हणून मागेही एक थर द्या, त्यावर पोस्टर कलरची घरे आणि शेवटी काळ्या शाईची रेघ. कागदाची उणीव मिश्र माध्यमात बरीच झाकली जाते. पारदर्शक वॉश मात्र त्यातून शिकवला जात नाही, म्हणून कागदाची मागणी सोडू नका.

जे शिक्षक अजूनही बाजारातल्या तयार नमुन्यांवरून डोंगर, सूर्य, झोपडी घोटून घेतात, त्यांना स्पष्ट सांगतो: इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या श्रेणीवर दहावीला मिळणारे वाढीव गुण असे मिळतीलही, पण ते मूल परीक्षेनंतर कुंचला हाती धरणार नाही.

आता कामाचे बोलू. पुढच्या मागणीपत्रात केवळ ‘ड्रॉइंग पेपर’ लिहू नका. असे लिहा: ‘जलरंगासाठीचा कागद, ३०० ग्रॅम प्रति चौरस मीटर, आकार २२ × ३० इंच, साइझिंग केलेला, नमुना तपासूनच स्वीकारला जाईल.’ नमुना आला की मुख्याध्यापकांसमोर त्यावर पाण्याचा एक थेंब टाका. साइझिंग, म्हणजे कागदाने पाणी लगेच शोषू नये म्हणून केलेली प्रक्रिया, नीट असेल तर थेंब फुगीर उभा राहतो. नसेल तर पसरून मागच्या बाजूला ओल उमटते. या तपासणीला ना यंत्र लागते ना तज्ज्ञ. हातकागद घेणार असाल तरी हीच कसोटी लावा. १९४० पासून पुण्यात हातकागद संस्था आहे, कागदीपुऱ्यातली कागद बनवण्याची परंपरा त्याहून किती तरी जुनी आहे. पण हाताने बनवलेला प्रत्येक कागद जलरंगासाठी नसतो.

शाळा व्यवस्थापन समितीच्या येत्या बैठकीत हा तपशील मांडा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. प्रस्ताव परत आला तर शेऱ्याची प्रत आमच्याकडे पाठवा. एकट्या शिक्षकाच्या खुलाशाला कार्यालय दाद देत नाही. जिल्ह्याजिल्ह्यातून एकच तपशील शब्दशः एकसारखा गेला, तर वजनाचा रकाना त्यांना छापावाच लागेल. मागणीपत्रे दिवाळीच्या सुट्टीआधी जायला हवीत. आजच लिहायला घ्या.